एक नेलपॉलिश, तीन बाटल्या

१

"खिशातून हात बाहेर काढ," घार म्हणाली. "आणि हातात जे आहे, तेही."

शनिवारी दुपारचे साडेबारा वाजले होते. दुकान मोठं होतं, साबणापासून दारूपर्यंत सगळं मिळणारं, आणि त्याच्या दारातल्या उंच स्टुलावर बसून घारीला बारा वर्षं झाली होती. हे नाव शाळकरी पोरांनी ठेवलेलं. पुढे दुकानातल्या माणसांनीही तेच उचललं, आणि तिनेही ते अंगाला लावून घेतलं. बारा वर्षांत तिने पुष्कळांना धरलं, पण एकावरही खोटं बोट ठेवलं नव्हतं. तिची सगळी मिजास तेवढ्यावरच होती.

समोरची मुलगी पंधरा वर्षांची असेल. केस असे पिंजारलेले, की शाळेत तिला झिपरी म्हणायचे. तिने मूठ उघडली. मुठीत हिरव्या नेलपॉलिशची बाटली होती, अंगठ्याएवढी.

"हे घेतलं," झिपरी म्हणाली. "दुसरं काही नाही. बघायचंय? बघा." आणि कुणी सांगायच्या आत तिने दप्तर काउंटरवर उपडं केलं. दोन वह्या, अर्धं खाल्लेलं सफरचंद, खेळाचे मोजे. मग कोटही काढून झटकला. रडणं नाही, पाया पडणं नाही.

"चोर तो चोर, वर शिरजोर," मॅनेजर म्हणाला. त्याने तिला आपल्या खोलीत बसवलं आणि कागद पुढे ओढला. नाव, वर्ग, काय घेतलं. नियमाप्रमाणे शाळेला कळवायचं, आईला बोलवायचं, सहा महिने दुकानबंदी.

पहिली ओळ लिहून होते न होते तोच फोन वाजला. मॅनेजरने तो उचलला आणि बघता बघता त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला.

"माझा मुलगा..." एवढंच तो म्हणाला आणि पेन तसंच टाकून धावत सुटला.

शाळेच्या मैदानावर, प्रेक्षकांच्या बाकांमागे, शाळेच्या संघातली तीन पोरं सापडली होती. दोघं ओकत होती. तिसरा, मॅनेजरचा सोळा वर्षांचा मुलगा, सगळे ज्याला उंच्या म्हणायचे तो, शुद्ध हरपून पडला होता. तोंडाला दारूचा भपकारा येत होता.

तीन वाजता मैदानाचा रखवालदार एक पिशवी घेऊन दुकानात आला. पिशवीत दोन रिकाम्या बाटल्या होत्या.

"तुमच्याच दुकानातल्या ना या?" त्याने काउंटरवर विचारलं आणि पिशवी मॅनेजरच्या टेबलावर ठेवून गेला.

२

सोमवारी सकाळी मॅनेजरने घारीला खोलीत बोलावलं. त्याचे डोळे सुजले होते. मुलाच्या जिवावरचा धोका टळला होता, पण अजून दोन दिवस त्याला दवाखान्यात ठेवणार होते.

"देवाची कृपा," घार म्हणाली. मनापासून म्हणाली. बापाचं काळीज तिला समजत होतं.

मॅनेजरने टाइप केलेला कागद पुढे सरकवला. तिने चष्मा लावला. त्यात लिहिलं होतं, की शनिवारी सकाळी त्या मुलीने कोटाखाली तीन बाटल्या लपवून बाहेर नेल्या, बाकांखाली ठेवल्या, आणि परत येऊन नेलपॉलिश चोरताना ती सापडली. खाली लिहिलं होतं, 'हे मी स्वतः पाहिलं.' त्याखाली घारीच्या सहीची जागा.

"मी असं काही पाहिलं नाही, साहेब."

"चोरताना तुम्हीच धरलीत ना?"

"नेलपॉलिश चोरताना."

"जी एक वस्तू उचलते ती चार उचलते. पोरं म्हणतायत, तीन बाटल्या बाकाखाली पडलेल्या मिळाल्या. कुणी ठेवल्या? दारूच्या फळीवरचा कॅमेरा महिनाभर बंद आहे. त्या पोरीला ते माहीत असणार."

घारीने टेबलावरच्या दोन बाटल्यांकडे पाहिलं. दोन्ही धुतल्यासारख्या कोऱ्या होत्या.

"यांची लेबलं कुठं गेली?"

"गवत ओलं होतं. सुटली असतील."

तिने एक बाटली उचलून उजेडात धरली. दुकानातल्या फळीवरच्या प्रत्येक दारूच्या बाटलीच्या गळ्यात काळं प्लास्टिकचं कुलूप असतं. ते निघतं फक्त काउंटरवरच्या लोहचुंबकाने, विकताना. कुलपासकट बाहेर नेली, तर दारातला भोंगा बोंबलतो. हातोडीने फोडलं, तर काचेवर ओरखडे येतात, नाहीतर बाटलीचं तोंडच उडतं. या दोन्ही गळ्यांवर मात्र एक चरासुद्धा नव्हता.

"उद्या चार वाजता शाळेत बैठक आहे," मॅनेजर म्हणाला. "मुख्याध्यापक, पोलीसबाई, सगळे येणार आहेत. तोपर्यंत सही हवी."

"आणि नाही केली तर?"

"स्टुलावर बसायला माणसं पुष्कळ मिळतात, बाई."

३

झिपरीची आई शहराची बस चालवायची. घारीने तिला आगाराच्या उपाहारगृहात गाठलं. आईच्या अंगावर गणवेश होता आणि शेजारी झिपरी तोंड फुगवून बसली होती. शाळेने तिला आधीच घरी बसवलं होतं.

"तुम्हीच ना हिला धरणाऱ्या?" आईने विचारलं. "चांगलं केलंत. घरी येऊन मीही दोन शब्द सुनावलेत. पण बाटल्यांचं काय मध्येच?"

"तेच विचारायला आलेय." घार झिपरीकडे वळली. "का उचललंस ते?"

"वर्गातल्या मुलींनी पैज लावली. म्हणाल्या, घारीच्या नाकाखालून काहीतरी आणून दाखव."

"आणि दारू?"

"मला तिचा वासही सहन होत नाही." झिपरी उसळली. "काकू, बाटल्या मीच नेल्या असं लिहिलेला कागद मला शाळेत वाचायला दिला होता. सही कर म्हणाले, मग सौम्य शिक्षा देऊ. मी नाही केली. नेलपॉलिश माझं. शंभर वेळा लिहून देते. बाटल्या माझ्या नाहीत. शाळेतून काढलं तरी नाहीत!"

"हळू बोल," आई म्हणाली, पण तिचा आवाज कडक नव्हता. "मी हिला एकच सांगितलंय. केलं असशील तर मान खाली घाल. नसेल केलं तर मुळीच घालू नकोस."

"शनिवारी सकाळी कुठं होतीस?"

झिपरीने आईकडे पाहिलं. आईच बोलली. "माझ्या बसमध्ये. मी बाराला शाळेच्या थांब्यावर उतरवलं हिला. पण आईची साक्ष कोण धरतं?"

घारीने मनात हिशेब मांडला. पोरं सापडली साडेबाराला, तीही पार झिंगलेली. अर्ध्या तासात तीन बाटल्या पळवायच्या, कुलपं काढायची, मैदानावर पोचवायच्या आणि परत येऊन नेलपॉलिश उचलायचं. एवढी चपळाई या पोरीत असती, तर ती घारीच्या हाती लागलीच नसती.

पण मग बाटल्या आल्या कुठून?

४

दारूच्या काउंटरवर बसणारीला सगळे गोडबोली म्हणत. गिऱ्हाइकाशी ती साखर पेरून बोलायची. घारीने तिला जेवणाच्या सुट्टीत एकटीला गाठलं.

"खरं सांग. पोरांना विकल्यास?"

गोडबोलीच्या बोलण्यातली साखर एका क्षणात विरघळली. "ताई! मी पिकल्या मिशांच्या माणसालासुद्धा ओळखपत्र विचारते. लोक हसतात मला. माझ्या धाकट्या भावाचं काय झालं, ते तुम्हाला माहीत आहे. त्या वयाच्या पोराला मी बाटली देईन?"

घारीला माहीत होतं. सतराव्या वर्षी मोटारसायकल, पोटात दारू, आणि आज तिशीतही तो कुबड्या घेऊन चालत होता. तिने तो विषय सोडला.

"मग चुंबक आणखी कुणाकडे असतो?"

"माझ्या काउंटरला साखळीने बांधलेला आहे तो. दुसरा नाही." गोडबोली जरा थांबली. "पण गोदामातल्या खोक्यांत बाटल्यांना कुलूप नसतं, ताई. फळीवर मांडताना मामा लावतात."

गोदाम सांभाळणाऱ्या मामांचं मॅनेजरशी विळ्याभोपळ्याचं नातं होतं. मागच्या महिन्यात सगळ्यांसमोर दोघांची जुंपली होती. सूड म्हणून साहेबांच्या पोराला बाटल्या पुरवायच्या? घारीला हा विचार आवडला नाही, पण विचार सोडून चालणार नव्हतं.

मामांनी तिचं बोलणं ऐकलं, हातातलं खोकं खाली ठेवलं आणि सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"साहेबाशी माझं भांडण आहे, त्याच्या लेकराशी नाही. आणि दारूच्या कपाटाची किल्ली साहेबाकडे असते. मला खोकं हवं असलं तर त्याच्यापुढे उभं राहून घ्यावं लागतं. जा, विचार त्याला."

ती वळणार तेवढ्यात मामा मागून म्हणाले, "मैदानावर जाऊन आलीस का गं? रखवालदार सकाळपासून तुला विचारतोय. म्हणे, तिसरी सापडली."

५

रखवालदाराने गवत कापायचं यंत्र बंद केलं आणि तिला अवजारांच्या खोलीत नेलं.

"यंत्राखाली येता येता वाचली," तो म्हणाला. "बाकांच्या मागच्या चरात घरंगळली होती. तुमच्या साहेबांना निरोप पाठवणार होतो. मग म्हटलं, आधी तुम्हाला दाखवू."

"का बरं?"

"शनिवारी दिल्या त्या दोन बाटल्यांवर लेबलं होती, बाई. धडधडीत होती. आज सकाळी तुमच्या दुकानात आलो, तर टेबलावर नागड्या बाटल्या. मी म्हातारा झालो असेन, आंधळा नाही झालो."

बाटली कापडात गुंडाळलेली होती. घारीने ती उलगडली. गळा स्वच्छ होता. लेबल जागच्या जागी होतं, आणि त्या लेबलाच्या कडेला, एकाखाली एक, तीन बारीक आडव्या रेघा होत्या. वरच्या दोन जांभळ्या. पहिलीशेजारी इवलंसं 'र', दुसरीशेजारी 'गु'. त्याखाली तिसरी रेघ, निळ्या शाईची. तिच्याशेजारी अक्षर नव्हतं.

"त्या दोघींवरही होत्या अशा रेघा," रखवालदार म्हणाला. "मला वाटलं, कारखान्याच्या असतील."

घार उलट्या खोक्यावर बसली. कारखान्यात हाताने कोण रेघा मारतं? आणि भरलेल्या, बूच न उघडलेल्या बाटलीवर कोण मारेल? दारू कमी होत जाईल तशी पातळी दाखवणाऱ्या खुणा होत्या या. म्हणजे बाटली शनिवारी फोडलेली नव्हतीच. ती कितीतरी दिवस उघडी होती, कुठल्यातरी घरात, कपाटात. ती रीतसर विकत घेतलेली होती, म्हणूनच गळा स्वच्छ. चोरून कुणीतरी घोट घेत होतं, आणि दुसरं कुणीतरी मुकाट्याने पाळत ठेवत होतं.

ना झिपरी, ना गोडबोली, ना मामा. बाटल्या दुकानातून चोरीला गेल्याच नव्हत्या.

पोरं तीन. म्हणजे घरंही तीन. कुठल्या घरातल्या?

६

मंगळवारी दुपारी सव्वातीनला, शाळेत जायच्या आधी, घार नोकरवर्गाच्या मोरीत हात धुवायला गेली. हातावर साबण घेतला, आणि हात तसाच राहिला.

पातळ साबणाच्या बाटलीवर जांभळी आडवी रेघ होती. शेजारी 'सो'. तिच्या वर आणखी एक, 'शु'.

साहेबांचा हा जुना खाक्या. नोकर साबण उधळतात म्हणून ते रोज संध्याकाळी जांभळ्या पेन्सिलीने पातळीची खूण करायचे आणि शेजारी वाराचं अक्षर लिहायचे. साखरेच्या डब्यालाही त्यांनी रेघा ओढल्या होत्या. सगळे पाठीमागे हसायचे. घार रोज त्या रेघेसमोर उभी राहून हात धुवायची, आणि रोजचं असल्यामुळे तिला ती दिसेनाशी झाली होती.

तिने हात पुसले, साबणाची बाटली उचलली आणि पिशवीत टाकली.

मुख्याध्यापकांच्या खोलीत सगळे जमले होते. पोलीसबाई वही उघडून बसल्या होत्या. मॅनेजर होता, शेजारी त्याची बायको, पदराशी चाळा करत. समोर झिपरी आणि तिची आई.

"सही आणलीत?" मॅनेजरने विचारलं.

"नाही. हे आणलंय," घार म्हणाली आणि तिने टेबलावर दारूची बाटली ठेवली. तिच्या शेजारी साबणाची.

पोलीसबाईंच्या भुवया वर गेल्या. मॅनेजरचा हात नकळत खिशातल्या पेन्सिलीकडे गेला.

घारीने घाई केली नाही. गळ्यावरचं कुलूप, स्वच्छ काच, बसमधून बाराला उतरलेली मुलगी, रखवालदाराने पाहिलेली आणि मग नाहीशी झालेली लेबलं, रेघांचा अर्थ. सगळं एकेक करून सांगितलं. शेवटी तिने दोन्ही बाटल्या फिरवल्या, अक्षरं समोर येतील अशा.

"हा 'र', हा 'गु', हा 'शु', हा 'सो'. एकाच हातचे आहेत का, ते बाई, तुम्हीच बघा."

"जांभळी पेन्सिल काय जगात माझ्या एकट्याकडेच आहे?" मॅनेजरचा आवाज चढला. "आणि ती निळी? ती कुणाची? सांगा ना, ती कुणाची?"

निळ्या रेघेचं कोडं घारीला सुटलंच नव्हतं.

"ती माझी," मॅनेजरची बायको म्हणाली.

मॅनेजर तिच्याकडे बघतच राहिला.

"महिनाभर बघत होते," ती टेबलाकडे बघत म्हणाली. "बाटल्या खाली जातायत. ह्यांच्या खुणा मला दिसायच्या, पण मला वाटलं, हे स्वतःच मोजूनमापून घेत असतील. तरी मनात शंका आली म्हणून माझीही एकेक रेघ मारली. मुलाला विचारायची हिंमत झाली नाही."

"मलाही तेच..." मॅनेजर म्हणाला आणि बायकोकडे वळला. मग खूप हळू म्हणाला, "मला वाटलं, तुला कळलं तर तू खचशील. त्याला विचारलं तर तो घर सोडून जाईल. म्हटलं, आधी खात्री करू."

"आणि मुलाला?" पोलीसबाईंनी विचारलं. "त्याला कळत होतं, की तुम्हाला माहीत आहे?"

"रेघा त्यालाही दिसत असणार की." मॅनेजरच्या बायकोचे डोळे भरून आले. "रोज त्याच बाटल्या उघडत होता तो."

मग झिपरीची आई उठून उभी राहिली.

"तुमचं पोर तुटेल म्हणून तुम्ही त्याला एक शब्द विचारला नाहीत," ती मॅनेजरला म्हणाली. "आणि माझं पोर तुटलं असतं, ते चाललं असतं?"

मॅनेजरने मान खाली घातली. "शनिवारी रात्री दवाखान्यातून दुकानात आलो, तर टेबलावर बाटल्या. माझ्याच घरातल्या. पोर तिकडे मरणाच्या दारात. आणि शेजारी हिचा अर्धवट कागद, चोरीचा माल घेऊन पकडल्याचा. मी... मला सोपं वाटलं ते."

७

मुख्याध्यापकांनी घसा साफ केला. तिघा मुलांना हंगामभर संघाबाहेर ठेवायचं आणि आईबापांसकट समुपदेशकाकडे पाठवायचं ठरलं. मॅनेजरने रचलेल्या खोट्या कागदाचं काय करायचं ते पोलीसबाई बघणार होत्या. त्यांनी तो घडी करून वहीत ठेवला.

"आणि ही मुलगी उद्यापासून वर्गात येऊ दे," मुख्याध्यापक म्हणाले. त्यांना आता सगळ्याचं ओशाळं वाटत होतं. "नेलपॉलिशचं काय एवढं, किरकोळ आहे. आपण ते सोडून देऊ."

"का म्हणून?" झिपरी म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"तीन दिवस मला चोर म्हटलंत. आता तुमची चूक निघाली, म्हणून माझी माफ? मला नको ही मेहेरबानी. ते मी घेतलं होतं. कागद द्या."

"अगं, पण..."

"द्या तिला कागद," घार म्हणाली. "ते किरकोळ नाही. बारा वर्षं मी त्याच्यासाठीच स्टुलावर बसलेय."

झिपरीने लिहिलं. तिचं अक्षर फार वाईट होतं. लिहून झाल्यावर उभं राहून तिने ते मोठ्याने वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि तिथे मात्र तिचा आवाज जरा कापला. शेवटची ओळ होती, 'पैज लागली म्हणून घेतलं, पण हात माझाच होता.' आईने बाजूने बघून सही केली. सहा महिने दुकानबंदी कायम राहिली.

महिन्याभरात दुकानात नवा मॅनेजर आला. जुन्याची बदली झाली की त्याने नोकरी सोडली, यावर गोडबोलीचं आणि मामांचं एकमत नव्हतं. घारीला मुख्य कचेरीतून ताकीद आली, कामाच्या वेळात मैदानावर गेल्याबद्दल. तिने ती नोकरांच्या खोलीत, सगळ्यांना दिसेल अशी चिकटवली. उंच्या शाळेत परत आला, जरा वाळलेला. एकदा आईबरोबर खरेदीला आला होता. दोघं फळांपाशी उभं राहून कशावरून तरी तावातावाने भांडत होते. घारीने कान दिला नाही, पण ते भांडताहेत हे बघून तिला बरं वाटलं.

एका दुपारी झिपरीची आई सामान घ्यायला आली. झिपरी दाराबाहेर उभी राहिली.

"येऊ दे की तिला आत," नवा मॅनेजर म्हणाला. "एवढं सगळं झाल्यावर लोक काय म्हणतील?"

"सहा महिने म्हणजे सहा महिने," घार म्हणाली.

"आणि मलाही यायचं नाहीये!" बाहेरून आवाज आला.

नवा मॅनेजर डोकं हलवत निघून गेला. थोड्या वेळाने झिपरी चौकटीला टेकली. आत मात्र पाऊल टाकलं नाही.

"काकू, एक विचारू? कोण उचलणार आहे, ते तुम्हाला कसं कळतं?"

"चोर वस्तूकडे बघतो, नाहीतर कॅमेऱ्याकडे."

"मी तर कशाकडेच बघत नव्हते."

"तू माझ्याकडे बघत होतीस," घार म्हणाली. "आत आल्यापासून."

झिपरीचे कान लाल झाले. तेवढ्यात आई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बाहेर आली. "उभी काय राहिलीस? धर की एक." झिपरीने दोन्ही ओढून घेतल्या आणि तरातरा पुढे निघाली. कोपऱ्यावर जाऊन ती एकदा वळली, घार बघतेय का ते पाहायला.

घार बघत होती.